कुंडाकाठी मुक्काम नाही

रूपकुंड पाहून आलेला माणूस बहुधा दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे हाडं, आणि दुसरी म्हणजे कुंड केवढंसं आहे ही. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूल आणि नंदा घुंटी या शिखरांच्या कुशीत, ५,०२९ मीटर उंचीवर हे पाणी आहे. त्याची रुंदी चाळीसेक मीटर, खोली जेमतेम दोन-तीन मीटर. ढोबळ हिशेब केला तर दहा हजार लिटरच्या अडीचशे-तीनशे टँकरांत अख्खं कुंड मावेल. आपल्याकडच्या एखाद्या तहानलेल्या गावाला उन्हाळाभरही ते पुरणार नाही. वर्षातला बराच काळ तेही गोठलेलं, बर्फाखाली गेलेलं असतं. पावसाळा सरता सरता बर्फ वितळतो, पाणी उघडं पडतं आणि काठावरच्या कवट्याही.

इतक्या दूरच्या, इतक्या उंचीवरच्या आणि एवढ्याशा तळ्याकाठी तंबू ठोकून रात्र काढावी, ही हौस आजची आहे. पुण्या-मुंबईच्या डोंगरवेड्यांना तर ती सवयीने येते. सह्याद्रीत मुक्कामाचा नियमच असा की जिथे पाणी तिथे पथारी. गडावरचं टाकं शोधायचं, शेजारची गुहा किंवा देऊळ झाडून घ्यायचं, तीन दगडांची चूल मांडायची. पण आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. रूपकुंडाच्या वाटेवरचा बेदनीचा मुक्कामच त्याच्या दुप्पट उंचीवर आहे. तिथून पुढे सह्याद्रीची अक्कल उपयोगी पडत नाही. तिथली अक्कल त्या डोंगरात कधीपासून आहे, हे पाहायचं तर ट्रेकचे नकाशे बाजूला ठेवून नंदादेवीच्या यात्रेचा मार्ग पाहावा लागतो.

नंदादेवी राजजात ही यात्रा साधारण बारा वर्षांनी निघते. २००० साली निघाली होती. पुढची २०१३ मध्ये ठरली होती, पण त्या वर्षी केदारनाथचा प्रलय झाला आणि ती २०१४च्या ऑगस्टमध्ये गेली. नंदा ही गढवाल-कुमाऊंची लेक. ती माहेरून कैलासाला, सासरी निघते, आणि गावंच्या गावं डोळे पुसत तिला पोचवायला जातात. नौटी गावापासून सुरू होणारी ही पायपीट जाऊन-येऊन सुमारे २८० किलोमीटरची. पुढे चालतो तो चार शिंगांचा मेंढा. वाण हे शेवटचं गाव. तिथे लाटू देवतेचं देऊळ आहे. लाटू हा नंदेचा भाऊ मानला जातो, आणि वाणच्या पुढे वाट दाखवायचा मान त्याचा. (या देवळाचं दार वर्षातून एकदा उघडतं आणि पुजारी डोळ्यांवर पट्टी बांधून आत जातो. देवाकडे पाहायचं नाही म्हणून पुजाऱ्याचेच डोळे बांधणारी दुसरी जागा मला माहीत नाही.)

वाणच्या पुढचे मुक्काम तिकडे निर्जन पडाव म्हणून ओळखले जातात: गैरोली पातल, बेदनी, पातर नचौनी, शिलासमुद्र. ही यादी नीट पाहावी. रूपकुंड तिच्यात नाही. यात्रा कुंडाशी थांबते, पूजा करते, आणि डोक्यावरची ज्यूंरागलीची खिंड ओलांडून त्याच दिवशी पलीकडे शिलासमुद्राला उतरते. उंचीचा हिशेब मांडला की या पडावांचं शहाणपण कळतं. वाण अडीच हजार मीटरच्या आसपास, गैरोली तीन हजारांच्या जवळ, बेदनी साडेतीन हजारांच्या अलीकडे, पातर नचौनी पावणेचार हजारांच्या पुढे. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त चढवू नये, असं आजचं पर्वतवैद्यक सांगतं. दिवसा वर चढा, रात्री खाली उतरून झोपा, हा त्याचाच दुसरा भाग. यात्रेच्या पडावांत दोन्ही पाळलेलं आहे. कुणी थर्मामीटर किंवा ऑक्सिमीटर लावून ते ठरवलं नसणार. पिढ्यान्‌पिढ्या चालता चालता, काही माणसं गमावून ठरलं असणार, असं मला वाटतं.

गमावलेल्यांची गोष्टही तिथे आहेच. कनौजचा राजा जसधवल गरोदर राणीला, नाचणाऱ्या बायकांना आणि लवाजम्याला घेऊन यात्रेला आला. पातर नचौनीला त्याने नाच बसवला. पुढे वाटेतच राणी बाळंत झाली. देवीच्या डोंगरात सोयर झालं, देवी कोपली, आभाळातून लोखंडासारख्या गारा पडल्या आणि सगळे कुंडाकाठी गेले. दंतकथा म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट, पण तिच्यातला तपशील मला ओळखीचा वाटतो. फार माणसं, फार सामान, चालू नये अशी माणसं सोबत, आणि जिथे थांबू नये तिथे रेंगाळणं. आजही त्या उंचीवर माणसं याच कारणांनी मरतात.

१९४२ साली वनखात्यातले रेंजर हरिकृष्ण मधवाल यांनी काठावरची हाडं पाहिली आणि बाहेरच्या जगाला कळवलं. महायुद्धाचे दिवस होते, त्यामुळे हे जपानी सैनिक तर नव्हेत ना, अशी शंका निघाली. मग कुणी १८४१च्या तिबेट मोहिमेतली जोरावर सिंगाची फौज म्हटली, कुणी साथीचे बळी. पन्नाशीच्या दशकात लखनौचे मानववंशशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार आणि स्वामी प्रणवानंद यांनी या कोड्यात लक्ष घातलं. खरा धक्का २०१९मध्ये बसला. हैदराबादची सीसीएमबी, हार्वर्ड आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी ३८ जणांच्या हाडांतला डीएनए वाचला. या चमूत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठीही होत्या. ३८पैकी २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, सुमारे इसवी सन ८००च्या काळातले, आणि तेही एकाच वेळी मेलेले नाहीत. १४ जण थेट पूर्व भूमध्य सागराकडचे, ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जवळचं नातं असलेले, आणि एक आग्नेय आशियाकडचा. हे पंधराही जण अलीकडचे, साधारण १८००च्या सुमाराचे. म्हणजे एका गारपिटीत सगळे गेले ही गोष्ट मोडली. काही कवट्यांवर वरून बसलेल्या बोथट घावाच्या, न भरलेल्या खुणा आहेत, तेव्हा गारांची आठवण अगदीच निराधार नसावी. पण तो सगळ्यांचा शेवट नव्हे. डीएनएमध्ये साथीच्या रोगाचा पुरावाही सापडला नाही.

ग्रीसकडचे चौदा लोक गढवालच्या या वाटेवर काय करत होते, हे कोडं सुटलेलं नाही. मला मात्र दुसराच प्रश्न छळतो. त्यांनी आदली रात्र कुठे काढली?

बगुआबासाला एक रात्र काढली की हा प्रश्न आपोआप पडतो. कुंडाच्या अलीकडची ही शेवटची जागा, चार हजार मीटरच्या वर. कललेल्या खडकांचं रान, दगड रचून केलेले बुटके आडोसे, पावसाळ्याच्या शेवटी कपारीतून डोकावणारी ब्रह्मकमळं. मी गेलो तेव्हा अजून तिथे तंबू लागत असत. या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. चहा होतो, पण कडक होत नाही. डाळ कुकरशिवाय शिजत नाही. भात वरून मऊ आणि आत कणीदार राहतो. वाणच्या वाटाड्याने, ज्याला सगळे हमाल भैजी म्हणत, झोपण्यापूर्वी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या उलट्या करून ठेवायला लावल्या. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणून बाटली उलटी असली की तोंड मोकळं राहतं. गॅसचा डबा आणि टॉर्चचे सेल त्याने आमच्या झोपायच्या पिशव्यांत कोंबले, कारण थंडीत दोन्ही मान टाकतात. ओले मोजे पोटावर ठेवून झोपायला सांगितलं. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचा पांढरा थर धरला होता, आणि कापडाला धक्का लागला की तो चुऱ्यासारखा मानेवर पडत होता. झोप म्हणावी अशी लागलीच नाही. डुलकी लागते, श्वास अडखळतो, दचकून जाग येते. त्या उंचीवर हे सर्वांचंच होतं. डोकं ठणकणं, ओकाऱ्या, चालताना झोकांड्या जाणं ही मात्र उतरण्याची खूण. तिथे औषधापेक्षा पाय जास्त उपयोगी.

कुंडाकाठी याहून वाईट. कुंड म्हणजे उंच उतारांनी वेढलेली वाटी. रात्री थंड हवा जड होऊन उतारांवरून खाली घरंगळते आणि वाटीच्या तळाशी साचते. त्यामुळे पाण्याजवळची जागा वरच्या सोंडेपेक्षा गार. चारी बाजूंनी दगडगोट्यांचा सैल उतार. दिवसा ऊन लागून बर्फ सुटलं की दगड गडगडत येतात. हाडं आज जागच्या जागी नाहीत, त्यात या दरडींचा हात आहे. माणसांचाही आहे. आठवण म्हणून हाड पिशवीत टाकून नेणारे महाभाग इथे होऊन गेले. उरलेल्या कवट्या कुणीतरी ढीग करून फोटोसाठी मांडून ठेवतो.

आणि सगळ्यात अवघड विषय, ज्यावर ट्रेकचं माहितीपत्रक एका ओळीत बोलतं: शौच. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती, ही जगभरच्या रानमुक्कामाची रीत. वीतभर खोलीच का, तर मैला कुजवणारे जीव मातीच्या वरच्या थरातच असतात. पाच हजार मीटरवर मुळात माती नाही. जी आहे ती वर्षातला बहुतेक काळ गोठलेली. जे टाकाल ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं आणि बर्फ वितळलं की उतारावरून थेट त्या अडीचशे टँकरांत येतं. मोठ्या सरोवरात जे विरून जाईल ते इथे विरत नाही.

खालच्या बुग्यालांची, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांची, गोष्ट जरा वेगळी. आली आणि बेदनी म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली हिरवळ, पण तिचा थर पातळ, मुळांनी एकमेकांना धरून ठेवलेला. तंबू एका जागी आठवडाभर राहिला तर खालचं गवत पिवळं पडतं. खेचरांच्या खुरांनी एकदा थर फाटला की पावसाचं पाणी तिथून ओघळ पाडतं आणि तो भरून यायला वर्षं लागतात. रूपकुंडाची कीर्ती वाढली तशा इथे तुकड्यांमागून तुकड्या येऊ लागल्या, कायमच्या फायबरच्या झोपड्या उभ्या राहिल्या. स्थानिक बुग्याल संरक्षण समितीच्या याचिकेवर ऑगस्ट २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, दिवसाला २०० पर्यटकांची मर्यादा घातली, झोपड्या हटवायला सांगितल्या. चराईला फक्त स्थानिक मेंढपाळांची मुभा ठेवली.

झोपड्या गेल्या हे उत्तमच झालं. मर्यादाही हवी होती. पण मुक्कामावरच्या सरसकट बंदीबद्दल माझं मन साशंक आहे. गैरोलीच्या जंगलातून निघून रूपकुंड पाहून त्याच दिवशी परतणं सामान्य माणसाला शक्य नाही. तसा प्रयत्न करणं म्हणजे उंचीचा आजार ओढवून घेणं. शिवाय बुग्यालावरचे तंबू उठले की ते जंगलाच्या कडेला सरकतात, भार नाहीसा होत नाही. बारा वर्षांतून एकदा बेदनीवर हजारोंची वस्ती पडते, तिलाही कचरा आणि मैला सोडूनच जावं लागतं, आणि श्रद्धेच्या नावाखाली त्याकडे काणाडोळा होतो. फरक एवढाच की यात्रा उठल्यावर गवताला बारा वर्षांची उसंत मिळते; व्यापारी तुकड्यांच्या हंगामात ती आठ दिवसांचीही मिळत नसे.

मला विचाराल तर पडाव जुनेच ठेवावेत, माणसं मोजकी सोडावीत, पडाव आलटून-पालटून रिकामे ठेवावेत. बेदनीच्या वर मैला बंद डब्यात भरून खाली आणणं सक्तीचं करावं. जगातल्या काही उंच डोंगरांवर ते होतं, इथेही होईल. कुंडावर पोचून तासाभरात माघारी वळावं. आणि कुणाला कधी सोडायचं, कुठल्या पडावावर, किती तंबू, हे ठरवताना वाणच्या माणसांना शेजारी बसवावं. बंदीने मजुरी त्यांची गेली. आणि वर कुणी अडकलं तर वाटेवरचं हे शेवटचं गाव असल्याने शोधायला पहिल्यांदा त्यांनाच निघावं लागतं.