इंजिन बसलं, पण ईसीयूला ते कळलं का?

गाडीचं इंजिन बदलायचं म्हटलं की डोळ्यांसमोर पाने, बोल्ट आणि चेन-कप्पी येते. प्रत्यक्षात काम अडतं ते बऱ्याचदा वायरिंगपाशी. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हा विषय नीट बघा, कारण "एकच भाग बदललाय, बाकी सेटअप तोच आहे" हे वाक्य लॅबमध्येही रोज ऐकू येतं.

अमेरिकेत जुन्या गाड्यांमध्ये जनरल मोटर्सचं एलएस मालिकेतलं व्ही-८ इंजिन बसवण्याचा छंद फार मोठा आहे. या मालिकेची तिसरी पिढी 1997 मध्ये आली, चौथी 2005 च्या सुमारास. समजा तुमच्याकडे तिसऱ्या पिढीची गाडी आहे आणि भंगारातून चौथ्या पिढीचं इंजिन स्वस्तात मिळालं. ईसीयू आणि हार्नेस जुनंच ठेवलं. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. का?

क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं आणि सेन्सर त्याच्या दात्यांवरून स्पंद पाठवतो. जुन्या इंजिनात हे चाक 24x प्रकारचं: एका फेऱ्यात 24 स्पंद, काही रुंद, काही अरुंद, आणि रुंद-अरुंदचा क्रम ठरलेला. नव्या इंजिनात बहुधा 58x असतं: दर 6 अंशांवर एक याप्रमाणे 60 दात्यांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा हीच मोजणीची खूण. जुना ईसीयू रुंद-अरुंदची लिपी वाचायला बसलाय आणि समोर येतंय वेगळंच. पिस्टन कुठे आहे हेच कळत नसेल तर स्पार्क कधी द्यायचा? शिवाय कॅमशाफ्टचा सेन्सर मागून पुढे, टायमिंग कव्हरवर आलाय. तिथपर्यंत वायर लांबवता येते, पण त्याचाही सिग्नल बदललाय. म्हणून मग जुळणारा ईसीयू घ्या, सिग्नल रूपांतर करणारा डबा लावा, नाहीतर क्रँकशाफ्ट काढून चाकच बदला. शेवटचा उपाय हौसेखातर ठीक!

पण हा बिघाड मला तसा प्रामाणिक वाटतो. गाडी सुरूच होत नाही, म्हणजे तुम्ही शोध घेताच. खरा त्रास देतो तो चालणारा बिघाड.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर घ्या. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. ईसीयू आतल्या पुल-अप रेझिस्टरमधून 5 व्होल्ट देतो आणि मधल्या बिंदूचं व्होल्टेज वाचतो. समजा पुल-अप 2.2 किलोओहम आणि सेन्सरही त्या क्षणी 2.2 किलोओहम. वाचन 2.5 व्होल्ट. आता डॅशबोर्डचा काटा चालावा म्हणून त्याच वायरला जुन्या गाडीचा दुसरा कॉम्प्युटर जोडला. त्याचाही पुल-अप तेवढाच, व्होल्टेजही तेवढंच. दोन समांतर मिळून झाले 1.1 किलोओहम, आणि वाचन गेलं 3.33 व्होल्टवर. ईसीयूला दुसऱ्या पुल-अपची कल्पना नाही. त्याच्या हिशोबाने सेन्सर आता 4.4 किलोओहमचा, बरोब्बर दुप्पट. म्हणजे इंजिन आहे त्यापेक्षा थंड! तो जादा पेट्रोल सोडतो. सेन्सर चांगला, वायर चांगली, आकडाही पटण्यासारखा, त्यामुळे एरर कोड येईलच असं नाही.

टेस्ट बेंचवर तुम्ही डेटा लॉगर असाच टॅप करता ना? मग त्याच्या इनपुटला स्वतःचा पुल-अप आहे का, इनपुट रोध किती आहे, हे आधी डेटाशीटमध्ये बघा. आणि लॉगर जोडण्यापूर्वीचं व मग जोडल्यानंतरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून वहीत लिहा. दोन मिनिटं लागतात. गाडीच्या बाबतीत तर उपाय आणखी सोपा: काट्याला त्याचा स्वतःचा वेगळा सेन्सर द्यायचा.