पिसांचा मासा आणि दोराची फेक

गरीनें मासे धरण्याची विद्या कोंकणांतल्या माणसाला कोणी शिकवावयाची नसते, अशी माझी फार दिवसांची समजूत होती. खाडीच्या धक्क्यावर बसावें, गळाला कोळंबी टोंचावी, शिशाचा तुकडा बांधून दोर पाण्यांत सोडावा आणि बोटाला हिसका बसेपर्यंत शेजाऱ्याशीं गप्पा माराव्या. यापलीकडे त्यांत शिकण्यासारखें काय आहे? गेल्या वर्षीं अमेरिकेंतील मेरीलँड राज्यांत मुलाकडे चार महिने राहण्याचा योग आला, आणि ही समजूत तेथील एका गृहस्थांनीं, एक अक्षरही न बोलतां, मोडून टाकली.

त्या राज्याच्या पोटांत चेसापीक नांवाचा सुमारें दोनशें मैल लांबीचा उपसागर शिरलेला आहे. त्याच्या काठीं हे गृहस्थ गुडघाभर पाण्यांत उभे होते. हातांत नऊ फूट लांबीची सडपातळ काठी. दोराला शिसें नाहीं, गळाला कोळंबी नाहीं. तरी तो दोर त्यांच्या डोक्यावरून मागें जाई, हवेंत सरळ पसरे, पुन्हां पुढें येई आणि साठ-सत्तर फुटांवर जाऊन अलगद पडे. टोंकाला होता पिसांचा एक लहानसा झुबका. गृहस्थ मुलाचे शेजारीच निघाले, आणि पुढील रविवारपासून मी त्यांचा विद्यार्थी झालों. सदतीस वर्षें खडू हातांत धरलेल्या माणसानें पुन्हां बाकावर जाऊन बसणें, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं.

या झुबक्याला इंग्रजींत 'फ्लाय' म्हणजे माशी म्हणतात. नांव पुरातन आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नांवाच्या रोमन लेखकानें असें लिहून ठेवलें आहे कीं, मॅसेडोनियांतील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याचीं दोन पिसें बांधतात आणि नदींतले ठिपकेदार मासे धरतात. ते मासे पाण्यावर बसणाऱ्या किड्यांवर जगत. म्हणून माणसानें किड्याचें सोंग घडविलें. समुद्राची गोष्ट निराळी. तेथील मोठा मासा लहान मासे, कोळंबी आणि खेकडे खातो. तेव्हां खाऱ्या पाण्यांतली 'माशी' म्हणजे खरें पाहतां पिसांचा मासाच असतो. जुनें नांव तेवढें तिला चिकटून राहिलें आहे.

आतां अडचण ध्यानांत घ्या. पीस हातानें भिरकावून पाहा. तें चार हातांवरच पडेल. मग तें साठ फुटांवर जावें कसें? याचें उत्तर मला दोन ओळखीच्या वस्तूंवरून उमगलें. आपली साधी गरी ही गोफण आहे. वजन असतें तें गोफणींतल्या दगडांत, आणि दोर त्या वजनामागून फरफटत जातो. माशीची गरी हा आसूड आहे. येथें वजन असतें तें खुद्द दोरांत, आणि टोंकाचें पीस दोरामागून जातें. म्हणून हा दोर मुद्दाम जाड आणि वजनदार बनवितात. १९६१ सालीं अमेरिकेंतील मासेमारीचें सामान बनविणाऱ्यांच्या संघानें या दोरांना क्रमांक लावून दिले. दोराच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून तो क्रमांक ठरतो. समुद्रकांठच्या नवशिक्याला बहुधा आठ क्रमांकाचा दोर देतात. त्याचे हे तीस फूट २१० ग्रेन, म्हणजे सुमारें साडेतेरा ग्रॅम, आपल्या जुन्या तोळ्याहून थोडे अधिक, भरतात. काठीवरही क्रमांक लिहिलेला असतो आणि तो दोराशीं जुळवून घ्यावयाचा असतो. दोराच्या पुढें नऊ एक फुटांचा, माशाला सहसा न दिसणारा नायलॉनचा धागा, आणि त्याच्या टोंकाला माशी.

काठी चालवावयाची कशी? सावकाश सुरुवात करावी, वेग वाढवीत न्यावा आणि एकदम थांबावें. सारें मर्म त्या थांबण्यांत आहे. काठी थांबली कीं तिचें वांकलेलें टोंक सरळ होतें. पण दोर थांबत नाहीं, तो टोंकावरून पुढें धांवतो आणि त्याचा एक वळसा तयार होतो. हा वळसा सतरंजीच्या वळकटीसारखा उलगडत जातो आणि शेवटीं माशी पाण्यावर ठेवतो. काठीचें टोंक सरळ रेषेंत गेलें तर वळसा अरुंद होतो आणि वारा कापीत जातो. मनगट वांकवून टोंक कमानींत फिरविलें तर वळसा दाराएवढा रुंद होतो आणि सारा जोर हवेंत विरतो. माझें मनगट असें वांकूं लागलें कीं शेजारी काठीची मूठ माझ्या सदऱ्याच्या बाहींत खोंचून देत. मग कोपरापासून हात हलविल्यावांचून गत्यंतर नसे.

पहिले तीन आठवडे मला पाण्याचें दर्शनही नव्हतें. घरामागील हिरवळीवर, गळाच्या जागीं तांबड्या लोकरीचा तुकडा बांधून अभ्यास. हा नियम कोणींही मोडूं नये. चुकलेला गळ मानेंत किंवा डोळ्यांत जातो, आणि म्हणून पुढेंही टोपी व चष्मा यांवांचून काठी उचलूं नये. माझी मोठी चूक उतावळेपणाची होती. मागें गेलेला दोर पुरता उलगडण्यापूर्वींच मी काठी पुढें ओढी आणि टोंकाशीं आसुडासारखा 'फाट्' असा आवाज होई. मला वाटे, वा, आज फेक चांगली वाजली! जाऊन पाहावें तों टोंकाची लोकर नाहींशी झालेली. तो आवाज घाईचा. दोर जितका लांब, तितकें मागें अधिक थांबावें लागतें. आणि थांबावयाचें किती, हें मान वळवून मागें पाहिल्याशिवाय कळत नाहीं. शेजारी दर खेपेस एवढेंच म्हणत, "मागें पाहा." एका सकाळीं त्यांनीं हें चाळीस वेळां तरी म्हटलें असेल, आणि चाळिसाव्या वेळीं त्यांचा आवाज पहिल्या वेळेइतकाच शांत होता. बेरजेंत हातचा विसरणाऱ्या एका मुलाला तिसऱ्या वेळींच मी काय बोललों होतों, तें मला त्या हिरवळीवर आठवलें. तो मुलगा आतां पन्नाशीला आला असेल.

दुसरा दोष जोर एकदम लावण्याचा. त्यानें काठीचें टोंक मध्येंच खालीं बुडतें, वळशाचे दोन पदर एकमेकांस छेदतात आणि नायलॉनला आपोआप गांठ बसते. तेथील लोक या गांठीला 'वाऱ्याची गांठ' म्हणतात. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण अमेरिकेंतही चालते म्हणावयाची! ती गांठ मात्र लगेच कापून टाकावी, कारण तिनें धाग्याचें बळ बरेंच घटतें.

पुष्कळ पुस्तकें घड्याळाची उपमा देतात: काठी दहावर आणि दोनावर थांबवा. या शिकवणीस ज्यांनीं जन्मभर विरोध केला ते बर्नार्ड उर्फ 'लेफ्टी' क्रे याच मेरीलँडचे. जन्म १९२५, मृत्यु २०१८. दुसऱ्या महायुद्धांत लढून आले आणि पुढें वर्तमानपत्रांत मासेमारीवर लिहीत राहिले. त्यांचें म्हणणें असें कीं, लहान ओढ्यावर घड्याळ ठीक आहे. समुद्राच्या वाऱ्यांत लांब फेक हवी असेल तर काठी पुष्कळ मागें नेली पाहिजे, आणि दोराचें टोंक हलूं लागल्यावांचून फेक सुरूच करूं नये. माझ्या दुखऱ्या खांद्याला क्रे यांचीच पद्धत मानवली. तींत कोपर वर उचलावें लागत नाहीं. डाव्या हातानें ऐन वेळीं दोर ओढून वेग वाढविण्याची 'दुहेरी ओढ' मात्र मला अर्धीच साधली. तिचा अभ्यास काठीवांचून, नुसत्या हातवाऱ्यांनीं करावयाचा असतो. तो पाहून माझी नात हंसून लोळत असे.

संध्याकाळीं शेजाऱ्यांच्या टेबलाशीं माशी बांधण्याचा पाठ. पहिली माशी क्रे यांचीच, 'डिसीव्हर' नांवाची, अर्थ फसविणारी. ती त्यांनीं चेसापीकच्या पट्टेरी 'स्ट्राइप्ड बास' माशासाठीं १९५० नंतरच्या दशकांत बसविली, आणि १९९१ सालीं अमेरिकेच्या टपाल खात्यानें तिचें चित्र तिकिटावर छापलें. लहानशा पकडींत गळ घट्ट धरावयाचा. गळाच्या वांकाजवळ कोंबड्याचीं सहा-आठ लांब पिसें, दोन्ही बाजूंनीं निम्मीं निम्मीं, आंतल्या बांकाकडून समोरासमोर ठेवून धाग्यानें आवळावयाचीं, ही शेपटी. मग पुढच्या टोंकाशीं हरणाच्या शेपटीचे पांढरे केस सभोंवार अशा लांबीचे बांधावयाचे कीं ते पिसांच्या मुळांवरून मागें जावे. केसांच्या या आवरणामुळें फेकतांना पिसें गळाभोंवतीं गुरफटत नाहींत, आणि पाण्यांतून उचलतांच माशी निथळून हलकी होते. गळ्याशीं थोडा तांबडा रंग, दोन डोळे, आणि धाग्याच्या डोक्यावर राळेचा लेप.

नवशिक्याचे दोष येथेंही ठरलेले. एक, केस फार घेणें. माशी भरगच्च झाली कीं ती केरसुणी दिसते आणि उडतही नाहीं. दुसरा, गळाच्या नेढ्यापाशीं जागा न ठेवणें. मग शेवटच्या गांठीला ठिकाण उरत नाहीं आणि नेढें राळेनें बुजतें. माझ्या पहिल्या सात माश्यांचीं नेढीं बुजलेलीं होतीं. त्यानंतर पेनसिल्व्हेनियांतील बॉब क्लाउझर यांची माशी बांधलीं. तींत गळाच्या वरच्या अंगाला धातूचे दोन जड डोळे बांधतात. त्या वजनानें माशी पाण्यांत उलटी होते, गळाचें टोंक वर राहतें आणि तळाशीं अडकत नाहीं. ओढली कीं पुढें, सोडली कीं खालीं, अशी ती गटांगळ्या खात चालते.

पिसांवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या इंग्रज माश्यांत चकचकीत ठिपक्यांचीं जीं पिसें दिसतात, तीं आपल्या सह्याद्रींतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचीं. त्यांपायीं पुष्कळ पक्षी मारले गेले. आतां आपल्या कायद्यानें त्याला संरक्षण आहे, आणि परदेशांतील हौशी लोक तेथेंच पाळलेल्या पक्ष्यांचीं पिसें वापरतात.

मुक्काम संपावयास बारा दिवस उरले असतां शेजारी मला पाण्यावर घेऊन गेले. येथें त्या माशाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तो आपल्या जिताड्याचा स्वभावानें उलटा भाऊ आहे. जिताडा गोड्या पाण्यांत वाढून अंडीं घालण्यास खाऱ्याकडे येतो. हा समुद्रांत राहून अंडीं घालण्यास नद्यांत शिरतो. १९८० नंतर त्याची संख्या इतकी खालावली कीं १९८५ पासून सुमारें पांच वर्षें मेरीलँडनें तो धरण्यास सरसकट बंदी केली होती. पुढें तो सांवरला, पण आतां पुन्हां चिंता आहे. म्हणून शेजाऱ्यांनीं चिमट्यानें गळाचा उलटा कांटा दाबून टाकला होता. धरलेला मासा सोडून द्यावयाचा, ही कल्पना माझ्या कोंकणी जिभेला प्रथम मुळींच पटली नव्हती.

पांचव्या फेकींत, सुमारें चाळीस फुटांवर, पाणी फुटलें. मीं, धक्क्यावरच्या जन्माच्या संवयीनें, काठी झटक्यासरशीं वर उचलली. माशी माशाच्या तोंडांतून निघून माझ्या टोपीवर येऊन पडली. खाऱ्या पाण्यांत काठी उचलावयाची नसते. टोंक माशाकडे खालींच ठेवून डाव्या हातानें दोर सरळ ओढावयाचा. त्यानें गळ बसतो, आणि नच बसला तर माशी माशासमोरच राहते व तो पुन्हां फिरून येतो. हें मला आठवडाभर तोंडपाठ होतें. शेजारी नेहमींच्याच आवाजांत म्हणाले, "दोर ओढा."

नवव्या दिवशीं ओढला. मासा चौदा इंचांचा होता, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा, जणुं कोणीं पट्टीनें आंखल्या आहेत. हात ओले करून, त्याला पाण्यांतच धरून गळ काढला. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो जगत नाहीं. क्षणभर तो माझ्या तळहातांवर तसाच राहिला, आणि मग गेला. घरीं येऊन काठी, रीळ आणि ती माशी गोड्या पाण्यानें धुतली, कारण मीठ एका रात्रींत गळ गंजविते. पिसें थोडीं चघळलीं गेलीं होतीं. तीं बोटांनीं सारखीं करून माशी खिडकींत वाळत ठेवली.