आज फेडायची देणी

मरणाच्या आठवणीचा विषय निघाला की आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कबरीतल्या विंचवांचे व्हिडिओ फिरायला लागतात. काळं आभाळ, घुमणारा आवाज, शेवटी 'दहा जणांना पाठवा'. मी ते न बघताच पुसून टाकते. इस्लाममध्ये मरण वारंवार आठवायला सांगितलंय, हे खरंच आहे. सगळ्या सुखांचा मोड करणाऱ्या त्या गोष्टीला विसरू नका, असं पैगंबरसाहेबांनी बजावलं होतं. पण आठवून करायचं काय, हे त्या व्हिडिओंत कधी नसतं. मला ते कळलं माझ्या खालाकडून. तिच्याकडे विंचू नव्हते, एक शंभर पानी वही होती.

खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. कराडकडच्या एका गावात तिचं आयुष्य गेलं. झेडपीच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून वहीही मराठीत. गावातली कुणी मुसलमान बाई वारली की गुसल द्यायला, म्हणजे शेवटची आंघोळ घालायला, बोलावणं तिलाच यायचं. बाईच्या मय्यतीला बायकाच हात लावतात. पुढे तिला वाकवेना तेव्हा ती मला सोबत न्यायला लागली, आणि आता बोलावणं माझ्याकडे येतं. शाळेत शिकवते, निरोप आला की पुढचा तास दुसऱ्या बाईंच्या हवाली करून निघते.

गुसल देणाऱ्यानं आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नसतं, तशी ताकीदच आहे. म्हणून कुणा एकीबद्दल मी लिहिणार नाही, फक्त पाण्याबद्दल आणि कापडाबद्दल सांगते. बोरीचा पाला टाकून पाणी कोमट करायचं. अंगावर चादर धरून ठेवायची, उघडं काही पडू द्यायचं नाही. नमाजाआधी वजू करताना धुतो ते अवयव आधी, मग उजवी बाजू, मग डावी. धुणं विषम वेळा, तीन किंवा पाच, आणि शेवटच्या पाण्यात कापूर. बाईच्या कफनाचे तुकडे पाच: इजार, कुर्ता, ओढणी, सीनाबंद आणि सगळ्यांवरून गुंडाळायची मोठी चादर. कुर्त्याला बाह्या नसतात, नुसता गळा कापायचा. बायकांना कात्री चालवायची सवय असते, पण या गळ्यापाशी भल्याभल्यांचा हात अडखळतो. कपाळ, नाक, तळवे, गुडघे, पावलं, म्हणजे नमाजात जमिनीला टेकणाऱ्या जागा, तिथे कापूर लावतात.

हे सगळं चालू असताना खालाच्या डोक्यात एकच विचार असायचा. बाहेर आली की हात पुसत घरच्यांना विचारायची, "हिचं कुणाचं काही द्यायचं राहिलंय का?" रडणारी माणसं चमकून बघायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिच्या मते रडायला चाळीस दिवस पडलेत, घेणेकरी मात्र आज दारात उभा आहे.

तिच्या स्वतःच्या वहीत असल्याच नोंदी. शेजारच्या काकूंचं पितळी पातेलं. दूधवाल्याचे तीन दिवस. 'शिंप्याकडे ब्लाऊज, शिलाई दिली नाही.' एका पानावर नुसतं एका वहिनीचं नाव आणि पुढे 'बोलले ते लागलं असेल'. काम झालं की ओळीवर आडवी रेघ. त्या वहिनीच्या नावावर रेघ मारायला तिला बराच काळ लागला, पण मारली.

हे वेड तिच्या मनातून आलेलं नव्हतं. ज्याच्याकडे मागे ठेवण्यासारखं काही आहे त्यानं वसीयत लिहून उशाशी ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती सांगणारे इब्ने उमर पुढे म्हणत की हे ऐकल्यापासून आपण एक रात्रही तशी घालवली नाही. बुखारीतली दुसरी गोष्ट तर आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. मदीनेत एक जनाजा आला. पैगंबरसाहेबांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे का? होतं, तीन दीनार. मागे काही ठेवलंय का? नाही. तेव्हा त्यांनी स्वतः नमाज पढवायला नकार दिला आणि सोबत्यांना म्हणाले, तुम्ही पढा. अबू कतादा पुढे झाले, कर्ज मी फेडतो म्हणाले, तेव्हाच ती नमाज झाली. आजही आमच्याकडे जनाज्याच्या नमाजीआधी घोषणा होते: मय्यतीकडून कुणाचं येणं असेल तर वारसांना भेटावं. बहुतेक वेळा कुणी बोलत नाही. एकदा एका चहाच्या टपरीवाल्यानं हात वर केला आणि सगळ्यांसमोर 'माफ केलं' म्हणाला. मृताच्या मुलानं तरीही दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे दिले. टपरीवाला नको म्हणत होता, हा ठेवून आला.

पैशाच्या देण्याचं झालं, आता वेळेचं. कुरआनातली १०३वी सूरह, सूरह अल-अस्र, जेमतेम तीन आयतींची. तिची सुरुवात काळाच्या शपथेनं होते आणि लगेच निकाल: माणूस तोट्यात आहे. सुटतात ते ज्यांनी श्रद्धा धरली, चांगली कामं केली आणि एकमेकांना सत्याची अन् धीराची आठवण दिली. लोकांनी एवढ्या एकाच सूरहवर नीट विचार केला तरी पुरे, असं इमाम शाफईंचं मत सांगतात. बाराव्या शतकातल्या फख्रुद्दीन राझींनी कुरआनावरच्या आपल्या भाष्यात इथे एका जुन्या बुजुर्गाचा अनुभव नोंदवलाय. या सूरहचा अर्थ त्यांना बाजारात एका बर्फ विकणाऱ्याकडून कळला. तो ओरडत होता, ज्याचं भांडवलच वितळतंय त्याच्यावर दया करा. उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीपाशी उभं राहिलेल्याला याहून जास्त समजावून सांगायला नको.

पैगंबरसाहेबांच्या बोलण्यातही बाजार पुष्कळ येतो, त्यांनी स्वतः व्यापार केलेला होता. तब्येत आणि रिकामा वेळ या दोन गोष्टींच्या सौद्यात बहुतेक लोक फसतात, असं ते म्हणाले. आणखी एका हदीशीत पाच गोष्टींची पाच गोष्टींआधी कदर करायला सांगितलंय: म्हातारपणाआधी तारुण्याची, आजाराआधी तब्येतीची, गरिबीआधी पैशाची, कामाच्या रगाड्याआधी सवडीची आणि मरणाआधी जगण्याची.

बगदादच्या विद्वानांनी हे फारच मनावर घेतलं. बाराव्या शतकातले इब्नुल जौझी 'सैदुल खातिर' या पुस्तकात गप्पा मारायला येणाऱ्या पाहुण्यांना वैतागलेले दिसतात. हाकलता येत नाही आणि वेळ तर जातोय. मग त्यांनी युक्ती काढली. कागद कापणं, बोरूला टोक करणं, वह्या बांधणं अशी डोकं न लागणारी कामं ते पाहुण्यांसाठी राखून ठेवत. समोरचा बोलतोय, यांचे हात चालू. मला ही युक्ती फार आवडते. आमच्या शिक्षक-खोलीत मी पेपर तपासायचे गठ्ठे त्याच हिशेबानं ठेवते. त्यांनी बोरूच्या ढलप्या साठवून ठेवल्या होत्या आणि आपल्या गुसलाचं पाणी त्यावर तापवायला सांगितलं होतं, अशीही आख्यायिका आहे. त्यांच्या आधीचे इब्ने अकील मात्र मला झेपत नाहीत. भाकरी चावण्यात वेळ जातो म्हणून ते सुकी बिस्किटं पाण्यात भिजवून गिळत म्हणे. खाला जेवताना कुणाला उठू द्यायची नाही, एकेक घास सावकाश. इब्ने अकील तिच्या घरी आले असते तर त्यांनाही ताटावर बसवलं असतं.

या विषयाचा सर्वांत मोठा लेखक इमाम गझाली. जन्म १०५८, मृत्यू ११११. बगदादच्या निजामिया मदरशात सर्वोच्च पदावर असताना १०९५ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. 'इहया उलूमुद्दीन' या त्यांच्या ग्रंथाचे चाळीस भाग आहेत आणि शेवटचा भाग मरणाच्या स्मरणावर आहे. त्यांचं एक निरीक्षण मला पटतं. दुनियेत बुडालेला माणूसही मरण आठवतो, पण हातचं सुटणार म्हणून हळहळण्यापुरतं. असल्या आठवणीनं तो देवापासून आणखी लांब जातो. विंचवांच्या व्हिडिओंनी नेमकं तेच होतं: दहा मिनिटं छाती धडधडते, मग क्रिकेट.

मरण आठवायचं म्हणजे जगण्यावर पाणी सोडायचं, असा अर्थ कुणी काढू नये. कितीही दुःख आलं तरी मरण मागू नका, अशी स्पष्ट मनाई आहे. आणि एक हदीस अशी की कयामत आली आणि कुणाच्या हातात रोपटं असेल, तर लावता येत असेल तर लावून टाकावं. त्या रोपट्याची सावली कुणाला मिळणार, असला प्रश्नच तिथे विचारलेला नाही.

माणूस गेला की त्याच्या कामाची पानं मिटतात, तीन गोष्टी सोडून: चालू राहणारं दान, लोकांच्या उपयोगी पडणारी विद्या आणि दुआ करणारं लेकरू. अशा चालू दानाला सदका-ए-जारिया म्हणतात. विहिरी, सराया, मदरसे यातूनच झाले. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला सहली जातात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात, डोंगराकडून जमिनीखालच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर ती फिरायची आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण दळायची. आमच्या सहलीत मुलं तिथल्या हौदातले मासे बघतात, मी नळांची गोष्ट सांगते, कुणी ऐकत नाही.

माणूस गेल्यावर मालमत्तेचं काय, याचा क्रम ठरलेला आहे. आधी दफनाचा खर्च, मग सगळी कर्जं, मग वसीयत, तीही जास्तीत जास्त एक तृतीयांशापुरती, आणि उरेल ते वारसांना. जुन्या काळचे विद्वान अल बिरूनी गझनीला शेवटच्या घटका मोजत असताना भेटायला आलेल्या मित्राला त्यांनी वारसाहक्काचाच एक अडलेला प्रश्न विचारला, अशी गोष्ट आहे. या अवस्थेत? मित्र म्हणाला. न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं, असं त्यांचं उत्तर. मित्रानं सांगितलं आणि रस्त्यावर पोचतो न पोचतो तोच मागून रडणं ऐकू आलं.

या क्रमातली सर्वांत सोयीस्करपणे विसरली जाणारी रक्कम म्हणजे मेहेर. नवऱ्यानं निकाहात बायकोला द्यायचं कबूल केलेलं ते देणं. दिलं नसेल तर ते कर्जच, इतर कर्जांसारखं इस्टेटीतून फेडायचं. आपल्याकडची कोर्टंही ते तसंच धरतात. पण होतं काय? डोला उचलायच्या आधी चार बायका विधवेला धरून जनाज्यापाशी आणतात आणि कानात सांगतात, 'मेहेर माफ केला म्हण.' ती काय म्हणणार? तीन दीनारांसाठी जिथे नमाज थांबली होती, तिथे आपण कर्जदाराच्या पायाशी उभं करून सावकाराकडून सही घेतो. अशा वेळी खाला मध्ये पडायची. "आज नको विचारू तिला. मुलांना विचार, कधी देणार." त्यावरून दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

म्हणून अलीकडच्या मुली निकाहातच हिशेब मिटवतात याचं मला बरं वाटतं. निकाहनाम्यात नगद की उधार हे लिहावं लागतं आणि वर्षानुवर्षं सगळे 'उधार' लिहीत आले. मागे भाचीच्या निकाहात काजीसाहेबांनी विचारलं, तेव्हा मुलाच्या मामांनी सवयीनं सांगितलं, "उधार लिहा." आतून भाचीचा निरोप आला: नगद. मंडपात कुजबुज, काजीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मामा मोटारसायकल काढून एटीएमला गेले, तिथे पैसे नव्हते म्हणून पुढच्या चौकातल्या एटीएमला गेले, आणि तोवर आचारी दर पाच मिनिटांनी येऊन बिर्याणीची हंडी उघडू का, असं विचारत राहिला.