विमानाची रेघ काय सांगते आणि काय नाही

परभणीकडच्या पोखर्णीच्या शिवारात पावसाने ओढ दिली की सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे लागतात, आणि हल्ली हातात मोबाईलही असतो. ढग भरून येतात, वरून एक विमान जाते, अर्ध्या तासात आभाळ मोकळे होते. मग कोणीतरी विमानांचा माग दाखवणारे ॲप उघडतो. पिवळ्या चिन्हावर बोट ठेवले की विमानाचा क्रमांक, उंची, वेग, कुठून कुठे चालले आहे, सारे दिसते. स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर पडतो : ‘याच विमानाने ढग पळवले.’

हा संशय आभाळातून पडलेला नाही. 2015 आणि 2019 साली सरकारने औरंगाबादहून विमान उडवून मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. 2019 मध्ये त्यासाठी 30 कोटी रुपये मंजूर झाले. दुष्काळात पैसा आपला, पीक आपले, तेव्हा आपल्या डोक्यावर कोण फिरले हे विचारण्याचा हक्कही आपलाच. फक्त मोबाईलवरची रेघ नीट वाचता आली पाहिजे.

तो स्क्रीनशॉटच पुन्हा बघा. उंची साधारण 35 हजार फूट, म्हणजे दहा किलोमीटरच्या वर. पावसाळी ढगांचा तळ बहुधा एक-दोन किलोमीटरवर असतो. दिल्ली आणि बंगळुरू ही दोन्ही शहरे परभणीच्या रेखांशाच्या जवळपास आहेत, त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणारी प्रवासी विमाने आपल्या बाजूने जाणारच. काही वेळा रेघ ढगापाशी वळलेली दिसते आणि तोच पुरावा वाटतो. प्रत्यक्षात वैमानिक उंच वाढलेल्या गडगडाटी ढगाला वळसा घालतात, कारण आतले झोत विमानाला धोक्याचे असतात. म्हणजे ढगामुळे विमान हलते, विमानामुळे ढग नाही. राहिला ढग विरण्याचा प्रश्न. दुपारी तापलेल्या जमिनीवर उठलेला एकटा ढग अर्धा-पाऊण तासच जगतो. खालून दमट हवेचा पुरवठा थांबला किंवा बाजूची कोरडी हवा आत शिरली की तो विरतो. विमान गेले नसते तरी विरलाच असता.

कृत्रिम पावसाचे विमान वेगळे ओळखू येते. ते एका रेषेत निघून जात नाही, ठरावीक भागावर घिरट्या घालते आणि मिठाच्या नळकांड्या ढगाच्या तळाशी जाळते. त्यालाही ढग लागतोच, कोरड्या आभाळातून ते पाऊस पाडू शकत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर परिसरात केलेल्या प्रयोगात सुमारे शंभर चौरस किलोमीटर भागात सरासरी 18 टक्के जादा पाऊस नोंदला गेला. एवढ्याने दुष्काळ हटत नाही, पण हा प्रयोग निव्वळ थोतांड आहे असेही म्हणता येत नाही.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे : ॲपवर दिसते तेच घडले आणि जे दिसत नाही ते लपवले.

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले आणि 260 माणसे गेली. लगेचच एक नकाशा फिरू लागला. त्यात विमानाची रेघ धावपट्टीच्या मधूनच सुरू झालेली होती. वैमानिकांनी पूर्ण धावपट्टी वापरलीच नाही, असे लोक छातीठोकपणे सांगू लागले. विमान खरे तर धावपट्टीवर येऊन उलट दिशेने टोकापर्यंत गेले, तिथे वळले आणि पूर्ण लांबी वापरून उडाले. विमान स्वतःचे ठिकाण रेडिओवरून सांगत असते आणि ते संदेश ठिकठिकाणच्या, बऱ्याचदा हौशी लोकांनी गच्चीवर बसवलेल्या रिसीव्हरांवर टिपले जातात. उंचावरच्या विमानाचा संदेश शेकडो किलोमीटर पोहोचतो, जमिनीवरच्या विमानाचा मात्र इमारतींआड अडतो. तो तुकडा नकाशावर उमटलाच नव्हता. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 ने जादा नोंदी तपासून स्वतःच ही दुरुस्ती जाहीर केली.

‘शेवटची उंची 625 फूट’ या आकड्याचेही तसेच झाले. विमान पाठवते ती हवेच्या दाबावरून काढलेली उंची असते, आणि त्यासाठी समुद्रसपाटीचा दाब 1013 हेक्टोपास्कल धरलेला असतो. दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की आकडा सुमारे 27 फुटांनी फुगतो. जूनमध्ये आपल्याकडे दाब हजाराच्या आसपास येतो, शिवाय अहमदाबादचा विमानतळच समुद्रसपाटीपासून जवळजवळ 190 फूट उंचावर आहे. त्या 625 फुटांतला मोठा भाग असा गेला. विमान जमिनीपासून फारसे वर चढलेच नव्हते.

इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणारे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद झाले, ही बाब पुढे जुलैमध्ये विमान अपघात तपास विभागाच्या प्राथमिक अहवालातून कळली. ती ब्लॅक बॉक्समध्ये होती. ती कोणत्याही ॲपवर दिसणे शक्यच नव्हते.

म्हणून हौशी लोकांनी यात पडू नये का? उलट, जरूर पडावे. 25 डिसेंबर 2024 रोजी बाकूहून ग्रोझनीला निघालेले अझरबैजान एअरलाइन्सचे विमान कझाकस्तानात अक्ताऊजवळ पडले आणि 38 जण मृत्युमुखी पडले. रशियाच्या विमान वाहतूक खात्याने आधी पक्षी धडकल्याचे सांगितले. पण सगळ्यांना खुल्या असलेल्या नोंदींत ग्रोझनीजवळ जीपीएस बिघडवल्याच्या खुणा होत्या, विमानाची उंची हेलकावे खाताना दिसत होती, आणि शेपटीला पडलेली भोके लोकांनी छायाचित्रांत हेरली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीच मान्य केले की आपल्या हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रे त्या विमानाजवळ फुटली. नुसती रेघ एवढे सिद्ध करू शकली नसती. रेघ, छायाचित्रे आणि अवशेष एकत्र ठेवल्यावर सरकारी कहाणी टिकली नाही.

तेव्हा मराठवाड्यावर पुन्हा कृत्रिम पावसाचे विमान फिरले, तर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून थांबू नका. विमानाचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवा. ॲपवरची वेळ यूटीसी असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. फुकटच्या ॲपवर जुन्या नोंदी थोडेच दिवस राहतात, म्हणून हे त्याच दिवशी करा. मग माहिती अधिकारात अर्ज करून त्या दिवसाची उड्डाणनोंद, जाळलेल्या नळकांड्यांची संख्या आणि रडारची चित्रे मागा, आणि ती तुमच्या वहीशी ताडून पाहा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे काम आहे, आणि 2005 च्या कायद्याप्रमाणे उत्तराची साधारण मुदत 30 दिवसांची आहे.