कृष्णविवराची फुंकर

दिवाळीच्या सुमारास शहापूर-मुरबाडकडे गेलात, तर खळ्याखळ्यांवर भाताची झोडणी अन् उफणणी चाललेली दिसेल. वारा बेताचा असला की फोल उडते आणि दाणा खाली पडतो. पण वारा पिसाळला तर? फोलाबरोबर उद्याचे बियाणेही जायचे! आकाशातल्या दीर्घिकांवर असा प्रसंग अनेकदा ओढवतो, आणि त्याची बित्तंबातमी काढणारी दुर्बीण मुरबाडहून माळशेज घाट चढून गेल्यावर, नारायणगावाजवळ खोडद येथे उभी आहे.

'कृष्णविवर' हा शब्द मराठीत झकास रुळला खरा. पण विवर म्हणजे बीळ, आत गेलेले परत येत नाही, एवढेच त्यामुळे आपल्या डोक्यात बसले. मोठ्या दीर्घिकांच्या मध्याशी लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाची विवरे असतात. त्यांच्याकडे ओढला जाणारा वायू सरळ तोंडात पडत नाही. तो भोवती गरगरतो, घर्षणाने तापतो, आणि त्यातला काही आत पडण्याआधीच वाऱ्यासारखा, कधी प्रकाशाशी स्पर्धा करणाऱ्या अरुंद झोतासारखा, बाहेर भिरकावला जातो.

तारे जन्मतात ते थंड वायूतून. हा वारा त्या वायूला तापवतो, घुसळतो, बाहेर लोटतो. मग दीर्घिकेत नवे तारे जन्मत नाहीत आणि जुनेच तांबूस होत राहतात. मोठ्या दीर्घिका एका मर्यादेपलीकडे का वाढल्या नाहीत, याचे उत्तर शास्त्रज्ञ इथेच शोधतात. मात्र चुलीपाशी बसलेल्या गृहिणीला ठाऊक असते, की बेताने फुंकले तर निखारा फुलतोही! झोताच्या दाबाने वायू दाटून क्वचित नवे तारे पेटलेलेही आढळले आहेत.

खोडदची ही रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, वजन आणि खर्चही वाचतो. डॉ. आनंद होता (हे आडनाव आहे, क्रियापद नव्हे!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने अभ्यासलेली 'रॅड१२' ही दीर्घिका २०२२ साली गाजली. सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेचा झोत चक्क शेजारच्या दीर्घिकेवर आदळून अळंबीसारखा फुगलेला दिसला. झोत एरवी जोडीने निघतात. येथे एकच दिसतो. शेजाऱ्याच्या चुलीचा धूर आपल्या घरात, त्यातलाच हा प्रकार.

आणि आपल्या आकाशगंगेचे काय? तिच्या मध्यावरचे, सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे विवर सध्या शांत आहे. ते नेहमीच असे नसावे. २०१० साली आकाशगंगेच्या वर-खाली सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले दोन प्रचंड बुडबुडे सापडले. ते या विवराच्या जुन्या फुंकरीचे, की ताऱ्यांच्या स्फोटांचे, यावर अजून वाद आहे. लक्ष्मीपूजनाला अमावास्याच असते. मुरबाडकडच्या अंधारात, दिवेलागणीनंतर लगेच, नैर्ऋत्येला धनू राशीकडे पाहा. ते विवर त्याच दिशेला आहे.