कॅनन की निकॉन? भांडण नेमकं कशाचं?

आपल्या होस्टेलमध्ये रात्री एक वाजल्यानंतरही दोन विषयांवर भांडण पेटू शकतं. पहिला विषय म्हणजे मेसची पोळी. (ती पोळी आहे की ड्रॉइंग शीट, यावर अजून एकमत नाही.) दुसरा म्हणजे "कॅनन भारी की निकॉन?" आणि गंमत अशी, की यात सगळ्यात मोठा आवाज ज्यांच्याकडे मोबाईलशिवाय दुसरा कॅमेरा नाही अशांचाच असतो. हल्ली त्यात सोनीवाले पण आलेत, त्यामुळे भांडण तिरंगी झालंय.

मी मूळची राळेगावची. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला कापूस आणि थोडं पुढे गेलं की जंगल. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं (आमच्याकडे इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंटच, मग तिथे नन असो वा नसो), त्यामुळे 'अपर्चर'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात हे कृपया मला विचारू नका. पण माझा आतेभाऊ गावातल्या एका फोटो स्टुडिओत असिस्टंट आहे. त्याच्यामुळे हे भांडण ज्यांच्या पोटाशी संबंधित आहे अशा लोकांकडून मला ऐकायला मिळालं. त्यांची कारणं आपल्या कारणांपेक्षा फार वेगळी निघाली. म्हणून हा लेख.

आधी थोडं इंजिनिअरिंग. कॅमेरा विकत घेताना आपण बॉडी बघतो, पण पैसा हळूहळू लेन्समध्ये जातो. आणि लेन्स ज्या गोल खाचेत फिरवून बसवतात, तो 'माउंट', बहुतेक कंपन्यांचा आपापला. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा. कॅननचा ईएफ माउंट १९८७ सालचा. दोघांच्या लेन्स एकमेकांना बसत नाहीत. मग मध्ये एक रिंग, म्हणजे अडॅप्टर, टाकला तर? इथे खरी मजा आहे.

लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांच्यात एक ठरलेलं अंतर असतं, त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. निकॉन एफचं ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफचं ४४ मिलिमीटर. आता निकॉनची लेन्स कॅननच्या बॉडीवर लावायची असेल तर २.५ मिलिमीटर जाडीची रिंग पुरते. ४४ अधिक २.५, झाले ४६.५. ऑटोफोकस मिळणार नाही, हाताने फोकस करावा लागेल, पण फोटो येईल. उलट करून बघा. कॅननच्या लेन्सला ४४ हवेत आणि निकॉनच्या बॉडीत आधीच ४६.५ आहेत. रिंग लावून अंतर वाढतं, कमी कसं करणार? लेन्स सेन्सरपासून जास्त लांब गेली की कॅमेऱ्याला जवळचंच दिसतं, लांबचं धूसर. म्हणजे स्टेजवरची नवरी राहू द्या, तिच्या हातावरची मेंदी तेवढी काढा! मध्ये आणखी एक काच घालून हे जमवता येतं, पण मग फोटोचा दर्जा घसरतो. सांगायचा मुद्दा, निष्ठेची सुरुवात मनात होत नाही, त्या अडीच मिलिमीटरमध्ये होते. एकदा तीन लेन्स घेतल्या की माणूस त्या कंपनीचा जावई झाला.

दुसरं कारण हाताचं आहे. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवतात, कॅननची त्याच्या उलट. झूमची रिंग पण दोघांची उलट फिरते. निकॉनच्या जुन्या बॉड्यांमध्ये एक्स्पोजरच्या पट्टीवर अधिकचं चिन्ह डावीकडे असायचं, कॅननमध्ये उजवीकडे. कागदावर हे फालतू वाटतं. पण लग्नात उभं राहून बघा. शेवटचं मंगलाष्टक संपतं, "सावधान" होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, बँडवाला सुरू होतो आणि हार पडतो. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्यात नवरदेवाचा मामा हमखास फ्रेममध्ये घुसतो. तेव्हा झूम उलटीकडे फिरला, तर तो फोटो गेला. बोहल्यावर रीटेक नसतो. स्टुडिओवाले काका वीस वर्षं एकाच बाजूला रिंग फिरवत आलेत. त्यांना "सोनी घ्या ना काका, ऑटोफोकस मस्त आहे" म्हणणं मला सोपं आहे.

तिसरं कारण म्हणजे रंग. "कॅननची स्किन टोन गोड, निकॉन पिवळा मारतो" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. यात तथ्य किती? सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची जाळी असते (ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ सालचं) आणि त्या आकड्यांवरून रंग तयार करतं ते कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर. रॉ फाइल घेतली तर नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही कॅमेऱ्यांचे रंग बरेच जवळ आणता येतात. शिवाय निकॉनच्या अनेक मॉडेल्समधले सेन्सर सोनीनेच बनवलेले आहेत, त्यामुळे निकॉन विरुद्ध सोनी भांडणारे कधीकधी एकाच कारखान्यातल्या मालावरून भांडत असतात. पण! लगीनसराईत एका दिवसात दोन लग्नं, हजारभर फोटो आणि अल्बमवाल्याची घाई असताना रॉ प्रोसेस करत बसायला वेळ कोणाला आहे? बरेच जण सरळ जेपेग घेतात. जेपेगमध्ये रंग कंपनीच ठरवते. म्हणजे लॅबमध्ये जो फरक पुसता येतो, तो मांडवात खराच असतो. इथे मी काकांच्या बाजूने आहे.

ही ब्रँडनिष्ठा डिजिटलबरोबर आलेली नाही. रोलच्या जमान्यात कोडॅकचा पिवळा बोर्ड, फुजीचा हिरवा आणि कोनिकाचा निळा, अशा स्टुडिओंच्याही जाती होत्याच. घराघरांत याशिका किंवा हॉट शॉट असायचा. आमच्या घरातल्या कपाटात अजून एक याशिका आहे, आई त्याला हात लावू देत नाही.

पण ग्राहक जेवढे निष्ठावान असतात तेवढ्या कंपन्या असतात का? यादी बघा. १९८७ मध्ये कॅननने स्वतःचा जुना एफडी माउंट सोडला आणि त्या लेन्स जमवलेले लोक एका दिवसात मागे पडले. निकॉनने मात्र माउंट बदलला नाही, म्हणून निकॉनवाले याचा अभिमान बाळगतात. पण त्यातही बारीक अक्षरात अट होती. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना बॉडीतली मोटर स्क्रूने फिरवायची. २००६ च्या डी-४० मध्ये ती मोटरच काढून टाकली. लेन्स बसते, पण फोकस हाताने. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदाच सोडला आणि तो सोनीकडे गेला. सोनीचा 'अल्फा' तिथूनच आला. कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता, तीच कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि २०१८ मध्ये तर निकॉन आणि कॅनन दोघांनीही काही आठवड्यांच्या अंतराने आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस, नवे माउंट आणले: निकॉन झेड आणि कॅनन आरएफ.

आरसा गेल्यामुळे फ्लँज डिस्टन्स खूप कमी झालं. निकॉन झेडचं १६, सोनी ई माउंटचं १८, कॅनन आरएफचं २० मिलिमीटर. आता अडॅप्टरला भरपूर जागा आहे. जुन्या ईएफ लेन्स कॅननच्याच अडॅप्टरने नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मात्र ती स्क्रूवाली मोटर नाही, त्यामुळे जुन्या लेन्सवाले पुन्हा हातानेच. तरीही ज्या अडीच मिलिमीटरने माणसाला बांधून ठेवलं होतं, ती गाठ बरीच सैल झाली आहे. मग राळेगावात लोक कंपनी का बदलत नाहीत?

हे मला आतेभावाने शिकवलं. त्याला स्वतःचं काम सुरू करायचंय. मी सुट्टीत गेले तेव्हा लॅपटॉपवर एक्सेल शीट करून त्याला दाखवली: सेन्सर, डायनॅमिक रेंज, किंमत. माझ्या हिशोबाने सोनी येत होता. त्याने शीट शांतपणे पाहिली आणि म्हणाला, "सोनी चांगला असन वं, पन राळेगावात मले लेन्स कोन देईन?"

माझ्या शीटमध्ये हा कॉलम नव्हता. फुल फ्रेम मिररलेसची नुसती बॉडीच खूप महाग पडते, आणि लग्नाचे पैसे अनेकदा कापूस विकला की मिळतात. अशा वेळी नवीन पोरगा बॉडी घेतो आणि लेन्स उसनी आणतो. बॉडी बिघडली तर दुरुस्तीला नागपूर, तोवर सीझन संपतो. मग बॉडीही उसनी. ही उसनवारी माउंटप्रमाणे चालते. काकांचा स्टुडिओ कॅननचा, त्यांच्याकडे शिकून बाहेर पडलेली पोरं कॅननची, त्यांची असिस्टंट पोरंही कॅननचीच. पलीकडच्या स्टुडिओचं तसंच निकॉनचं घराणं. मोठ्या लग्नात दुसरा कॅमेरामन हवा असला की फोन आपल्याच माउंटवाल्याला जातो, कारण रंग जुळतात, बॅटरी चालते. म्हणजे भावाने दुसरी कंपनी घेतली, तर नुसत्या लेन्स नाही, मिळणारी कामं पण जातात. याला अर्थशास्त्रात स्विचिंग कॉस्ट म्हणतात. त्याने तो शब्द कधी ऐकला नाही, पण हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता.

एक अवांतर. राळेगावच्या जंगलात टी-१ म्हणजे अवनी वाघीण होती, जिला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ मारलं. त्याआधीच्या दिवसांत तिचा माग काढायला जंगलात ट्रॅप कॅमेरे लावले होते. मी तेव्हा शाळेत होते. समोरून उष्ण शरीर हललं की इन्फ्रारेड सेन्सर शटर उघडतो, एवढं साधं यंत्र. त्या धूसर फोटोंवर गावात किती चर्चा व्हायची! पण कॅमेरा कोणत्या कंपनीचा, हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

असो. भावाने शेवटी जुनी वापरलेली कॅनन बॉडी घेतली, अर्धे पैसे रोख आणि अर्धे सीझन संपल्यावर. फ्लॅश मात्र त्याने पलीकडच्या निकॉनवाल्याकडून उसना आणला. फ्लॅशच्या बुडाशी मधोमध जो एक ठिपका असतो, तो दोन्ही कंपन्यांचा एकाच जागी आहे. ऑटोमॅटिक चालत नाही, पण मॅन्युअलवर ठेवला की एकाचा फ्लॅश बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर पेटतो. सेल तर दोघांना पेन्सिल सेलच लागतात, ते पानठेल्यावरही मिळतात.