सर्व्हरचा पॉवर सप्लाय: बिघाडाचा माग

सर्व्हरच्या मागच्या बाजूला बहुधा दोन पॉवर सप्लाय शेजारी शेजारी बसवलेले असतात. आत येणारा २३० व्होल्टचा एसी पुरवठा आधी सुमारे ४०० व्होल्ट डीसीपर्यंत चढवला जातो आणि मग ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्टवर उतरवला जातो. प्रोसेसर आणि मेमरीला लागणारे त्याहून कमी व्होल्टेज मदरबोर्ड स्वतः तयार करतो. चालू असताना दोन्ही सप्लाय भार वाटून घेतात. एक बंद पडला की दुसरा सगळा भार उचलतो आणि काम थांबत नाही. धोका नेमका इथेच आहे. पहिला बिघाड कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि कळते ते दुसरा सप्लाय गेल्यावर.

तपासणी भिंतीपासून सुरू करावी. सप्लायवरचा दिवा विझलेला असेल तर बऱ्याचदा दोष सप्लायचा नसतोच: कॉर्ड सैल झालेली असते, रॅकमधल्या पॉवर पट्टीचा ब्रेकर पडलेला असतो किंवा यूपीएसकडून वीजच येत नसते. पिवळ्या दिव्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तो पुस्तिकेत पाहावा. त्यानंतर सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपमधली नोंदवही वाचावी. ‘वीज आली नाही’ आणि ‘सप्लाय निकामी’ या तिथे वेगवेगळ्या नोंदी असतात. दोन्ही सप्लायची वीज एकाच क्षणी गेलेली दिसली, तर शोध सर्व्हरच्या बाहेर घ्यावा. दोन्ही कॉर्ड एकाच पट्टीत खोचलेल्या असतील, तर दुसऱ्या सप्लायचा निम्मा उपयोग आधीच वाया गेलेला असतो.

मग अदलाबदल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम कधीही मोडू नये. आधी कॉर्ड बदलावी, नंतर सप्लायच्या जागा आलटून पाहाव्यात. दोष सप्लायबरोबर सरकला तर सप्लाय खराब; जागेवरच राहिला तर कनेक्टर किंवा आतला वीजवाटप बोर्ड संशयित. सप्लाय उपसण्यापूर्वी उरलेला एकटा भार पेलेल का, हे पाहावे: सर्व्हर ९०० वॅट घेत असेल, तर ७५० वॅटचा एक सप्लाय पुरणार नाही. नवा सप्लायही लगेच बंद पडत असेल, तर सर्व्हरमध्येच शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कार्डे, डिस्क, मेमरी काढून किमान भागांवर सर्व्हर चालू करावा आणि एकेक भाग परत जोडत जावा.

सप्लाय जुना होतो तो मुख्यतः उष्णतेने. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. धूळ साचून पंखा मंदावला की ही झीज वेग घेते. थकलेल्या कपॅसिटरमुळे १२ व्होल्टच्या रेषेवर तरंग वाढतो आणि भार चढताच सर्व्हर रीस्टार्ट होतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्यावर आकडा बरोबरच दिसतो. तरंग पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. सप्लाय मात्र उघडू नये. कॉर्ड काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार राहू शकतो. म्हणून अख्खा सप्लायच बदलतात, तोही त्याच मॉडेलचा आणि तितक्याच वॅटचा.

बदलल्यावर दोन्ही सप्लाय कार्यरत असल्याचे नोंदवहीत पाहावे. मग कामाचा ताण कमी असलेल्या, आधी कळवून ठरवलेल्या वेळी एकेक कॉर्ड आळीपाळीने काढून सर्व्हर चालू राहतो का, ते तपासावे.